ड्रायव्हरशेजारची जागा

बाजाराचा दिवस होता, त्यामुळे कापसाची वेचणी बंद होती आणि तांड्यावरची माणसं दुपारीच लालीबाईच्या ओट्यावर जमली होती. लालीबाईची मुलगी वर्षा नेपाळ फिरून आली होती. यात्रेच्या बसनं नाही. पाठीवर पिशवी घेऊन, रस्त्याच्या कडेला उभं राहून, येईल त्या गाडीला हात करत. सोबत तिची मैत्रीण समीक्षा होती, महागावच्या नानाजींची मुलगी. दोघी परवा परतल्या होत्या आणि आज लालीबाईनं समीक्षाला जेवायला बोलावलं होतं.

समीक्षाला पाहुणी म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची दिली होती. वर्षा खाली, तिच्या आजीच्या, जमनीच्या, गुडघ्याला टेकून बसली होती. सगळे वर्षाकडे बघत होते.

"म्हंजे तू हात केला अन् थो ट्रक थांबला?" वर्षाचा काका हिरासिंग विचारत होता.

"हाव."

"अन् आमच्यासाठी फाट्यावर एस्टी थांबत नाई. हात करून करून खांदा उतरला माहा."

"तुमचं तोंड पाहूनच डायवर ब्रेकवरचा पाय काढत असन काका."

ओटा हसला. हिरासिंग सगळ्यांत मोठ्यानं हसला. समीक्षाही हसली, पण जरा उशिरा. असलं काहीतरी आपल्यालाही सुचलं असतं, असं तिला वाटलं. पण तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

नेपाळची कल्पना मुळात समीक्षाची. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात ती काम करत होती आणि जेवणाच्या सुट्टीत फोनवर नकाशे बघत होती. पासपोर्ट लागत नाही, मतदार कार्डावर जाता येतं, हे तिनं शोधलं. कुठून कुठं जायचं, कुठल्या घाटात गाड्या हळू होतात, हेही तिनंच शोधलं. नानाजींना तिनं महिनोन्‌महिने मनवलं. शेवटी ते म्हणाले, "वर्षा संग असन तं जा. एकटी नाई."

वर्षा उमरखेडला मोबाइलच्या दुकानात कामाला. तिला नेपाळचं विशेष काही नव्हतं. समीक्षा म्हणाली म्हणून ती निघाली. लालीबाईनंही तीच अट घातली, वर एक जास्तीची.

"गाडीत एकीलेच जागा असन तं दोघीबी बसू नोका. एकमेकीले सोडू नोका. बस, बाकी मले काई म्हनायचं नाई."

दोघींनी हो म्हटलं होतं. एकीच्या घरचं दार दुसरीच्या हातानं उघडत होतं; वर्षा नाही तर समीक्षा नाही आणि समीक्षा नाही तर वर्षा नाही. समीक्षानं पुढची दोन वर्षं मनात आखून ठेवली होती. आधी नेपाळ, मग श्रीलंका, मग जमलं तर व्हिएतनाम. प्रत्येक ठिकाणी तिच्या शेजारी वर्षा होती, कारण वर्षा नसेल तर ती स्वतःही नव्हती.

"पह्यला ट्रक सांग ना," जमनी म्हणाली. तिनं तो आधीच ऐकला होता.

वर्षानं सांगितला. नागपूरहून गोरखपूरची रेल्वे, तिथून बस, मग पायीच सीमा ओलांडून पलीकडं. पलीकडच्या रस्त्यावर सिमेंटचा ट्रक उभा होता. वर्षा सांगत होती ते सगळं खरं होतं. फक्त तिनं एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती तिच्या लक्षातच आली नव्हती. त्या ट्रकवाल्याशी आधी समीक्षा बोलली होती. फोनवरून पाठ केलेलं नेपाळी वाक्य तिनं एकही चूक न करता म्हटलं होतं. ड्रायव्हरनं ऐकून घेतलं आणि तिच्या खांद्यावरून मागं बघितलं. मागं वर्षा उभी होती. ती म्हणाली, "भैया, दो जन है, बिठा लो ना, पाय दुख गये." ड्रायव्हरनं हसून दार उघडलं.

वर्षा ड्रायव्हरशेजारी बसली. समीक्षा दाराकडं, मांडीवर दोन्ही पिशव्या घेऊन.

पुढं तेच ठरून गेलं. गाडी कुठलीही असो, ड्रायव्हरशेजारची जागा वर्षाची. ती त्यांना मुलांची नावं विचारायची. बायकोच्या हातचं काय आवडतं ते विचारायची. जमनीकडून शिकलेलं, बंजाऱ्यांच्या गोरबोलीतलं गाणं म्हणायची आणि मग ड्रायव्हर त्यांचं म्हणायचे. पोखऱ्याच्या अलीकडं एका ड्रायव्हरनं तर डोंगर दाखवायला ट्रक थांबवला. समीक्षा त्या वेळी मागं, हौद्यात होती. ती उतरून पुढं येईपर्यंत डोंगरावर ढग आला. "अवं, गेला ना," वर्षा हळहळून म्हणाली. त्या डोंगराचं नाव, उंची, त्यावर चढायला बंदी का आहे, हे सगळं समीक्षाला माहीत होतं. ड्रायव्हरला फक्त वर्षानं तो पाहिला याचा आनंद होता.

वर्षा मुद्दाम काही करत असती तर समीक्षाला तिच्याशी भांडता आलं असतं. पण वर्षा काहीच करत नव्हती, आणि समीक्षाची चीड तिथंच होती. लॉजवालीनं वर्षाच्या केसांना तेल लावून दिलं, ते तिनं मागितलं नव्हतं. एका म्हातारीनं बसमध्ये तिचा हात धरला तो उतरेपर्यंत सोडला नाही. आणि दर वेळी वर्षा मागं वळून म्हणायची, "समीक्षा, पुढं ये ना वं." समीक्षा म्हणायची, "नको. मले इथंच हवा लागते."

"समीक्षाले मागंच आवडे," वर्षा आता ओट्यावर सांगत होती. "हवा लागते म्हने."

"मोठ्या घरच्या पोरीले हवा लागतेच," हिरासिंग म्हणाला. पुन्हा सगळे हसले, आणि या वेळी सगळ्यांनी समीक्षाकडं बघितलं. तिनं ओठ ताणले.

"अन् थे दरडीचं सांग," लालीबाई म्हणाली. ती इतका वेळ चुलीपाशी होती. हात पुसत ती उंबऱ्यात येऊन बसली. "फोनवर तू म्हनली होती, एक रात येगयेगळ्या राह्यल्या म्हनून. काहून राह्यल्या?"

समीक्षानं पाय खुर्चीखाली ओढले.

तो रस्ता जोमसोमकडं जाणारा. रुंदीकरणाचं काम चालू होतं आणि वरून दगड आले होते. गाड्यांची रांग लागली. कडेला चहाचं एक घर होतं. वर्षा शेकायला म्हणून आत गेली आणि स्वयंपाकघरात पोचली. तिथल्या बायका नाचणीच्या पिठाचं काहीतरी घोटत होत्या. वर्षानं त्यातलं पीठ मागून घेतलं आणि ज्वारीची थापतात तशी भाकर थापायला बसली. पहिली मोडली. बायका हसल्या. दुसरी जमली. समीक्षा दारात उभी राहून बघत होती. आत जागा होती. वर्षानं तिला हाकही मारली होती. पण त्या घरातल्या कुणी मारली नाही, आणि समीक्षाला तीच हाक हवी होती.

ती बाहेर आली. दगड बाजूला झाले होते, गाड्या सुटू लागल्या होत्या. एका जीपवाल्यानं पुढं दोन जागा आहेत म्हणून सांगितलं. समीक्षानं गळ्यातला स्कार्फ काढला आणि खिडकीतून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर टाकला.

यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. कॉलेजची सगळी वर्षं तिनं हेच केलं होतं. महागावच्या स्टँडवर उमरखेडची गाडी लागली की समीक्षा खिडकीतून स्कार्फ टाकायची आणि तांड्यावरून पायी येणारी वर्षा शेवटच्या क्षणी चढून त्या जागेवर बसायची. टाकलेल्या रुमालावर कुणी बसत नाही. बसलाच तर त्याला उठवायला सगळी गाडी उठते.

"मी भाकर थापता थापता खिडकीतून पाह्यलं," वर्षा सांगत होती. "जीपमदी समीक्षाचा स्कार्फ. म्हनलं, चला, जागा धरली. आता कायची घाई? अजून एक भाकर टाकली."

"बराबर हाय," हिरासिंग म्हणाला. "स्कार्फ टाकला म्हंजे काम झालं."

"पन तिथल्या लोकायले काय माहीत काका स्कार्फाचं? एक बुढा आला अन् बसला त्याच्यावर."

"कांई वेगो?" जमनीनं विचारलं, तिला ऐकू कमी यायचं. कुणीतरी तिच्या कानात, काय झालं ते ओरडून सांगितलं. "स्कार्फावर बसला?" ती म्हणाली. "उठवाचं होतं ना त्याले!"

हसण्याचा मोठा लोंढा आला. समीक्षाला तो म्हातारा दिसत होता. तिनं त्याच्याखालून स्कार्फ ओढला तेव्हा त्याला वाटलं, आपण तिच्या कपड्यावर बसलो. ओशाळून तो बाजूला सरकला आणि अर्धी जागा तिला दिली. एकीपुरती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. समीक्षानं चहाच्या घराकडं बघितलं. आतून हसण्याचा आवाज आला. ती बसली. ड्रायव्हरनं हिंदीत विचारलं, दुसरी बहीण?

"वो पीछे से आएगी," समीक्षा म्हणाली.

वर्षाचा फोन पॉवर बँकेवर चार्जिंगला लावलेला, समीक्षाच्या पिशवीत होता.

जोमसोमपर्यंतचा तो रस्ता तिच्या साऱ्या प्रवासातला सर्वांत सुंदर होता. ड्रायव्हरनं तिला गाव विचारलं, घरी शेत किती ते विचारलं, कापूस कसा वेचतात ते विचारलं. एका वळणावर त्यानं गाडी हळू केली आणि बर्फाचा डोंगर बोटानं दाखवला, तिला. तो तिनं पूर्ण बघितला. जोमसोमला उतरल्यावर कळलं की मागं पुन्हा दगड आले आणि रस्ता बंद झाला. वर्षा आली दुसऱ्या दिवशी, गवताच्या ट्रॅक्टरवरून. समीक्षा धावत गेली. ड्रायव्हरनं ऐकलंच नाही, मी ओरडत होते, असं तिनं सांगितलं. वर्षा एवढंच म्हणाली, "माहा फोन दे."

पुढचे दिवस वर्षा रोजच्यासारखीच वागली होती. गाणी मात्र म्हणाली नव्हती.

"मंग गाडी गेली कशी?" लालीबाईनं विचारलं. तिचा आवाज साधा होता. "तू खाली अन् हे गाडीत. कशी गेली?"

वर्षानं समीक्षाकडं बघितलं नाही.

"डायवरनं ऐकलंच नाई, याडी," ती आईला म्हणाली. "बुढा बसला, हे त्याले उठवाले चढली, तेवढ्यात त्यानं गेर टाकला. हे आतून वरडून राह्यली, अर्ध आंग खिडकीतून बाहीर. मी दारातून पाह्यलं ना. पिठाच्या हातानं धावली मी मागं. कुठं भेटते? मंग हे जोमसोमले उतरली तं रातभर स्टँडवर बसून राह्यली, जेवली नाई का झोपली नाई. मी ट्रॅक्टरवरून उतरली तवा इचे डोये असे सुजेल."

"मायबाई," लालीबाई म्हणाली. ती उठली, समीक्षाजवळ आली आणि दोन्ही हात तिच्या डोक्यावरून फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. "बिचारी पोरगी. पराया मुलखात कशी रात काढली असन."

सगळा ओटा समीक्षाकडं कौतुकानं बघत होता. आल्यापासून पहिल्यांदाच. हिरासिंगनं एका पोराला तिच्यासाठी पाणी आणायला सांगितलं. समीक्षा त्या रात्री लॉजवर पोटभर जेवून झोपली होती. सुटल्यासारखं बरं वाटायला हवं होतं, तसं तिला वाटलंही, पण फार थोडा वेळ. मग तिला वाटलं, खोटंसुद्धा ही आपल्यापेक्षा चांगलं बोलते. पिठाचे हात, सुजलेले डोळे. आपण नुसतं 'ऐकलं नाही' म्हणालो होतो.

जेवणं झाल्यावर वर्षा तिला फाट्यावर पोचवायला निघाली. लालीबाई मागून येत होती. वाटेतल्या तिच्या शेतात ती तुरीच्या शेंगा तोडायला थांबली. दोघी पुढं गेल्या.

"तसं काहून सांगितलं?" समीक्षानं विचारलं.

"कसं?"

"डायवरचं."

"तूच तं सांगितलं मले तसं."

वर्षा बांधावरून चालत होती, समीक्षा खालून.

"त्या घरची एक बाई डायवरले चाय द्याले गेलती," वर्षा म्हणाली. "खिडकीपाशीच उभी होती. आत येऊन म्हने, तुमची मैतरीन गेली, तुम्ही मागून येनार म्हनून सांगून गेली. माह्या हातात भाकर तशीच."

"म्हंजे तुले तवापासून—"

"हाव."

"मंग बोलली काहून नाई?"

"कोनाशी बोलू? फोन तुह्याजवळ, पैसे तुह्याजवळ, वापस याचा रस्ता तुले माहीत. भांडून जातो कुठं मी?"

"अन् आज?"

"आज याडीले खरं सांगितलं तं थे मले उमरखेडच्या पुढं जाऊ देनार नाई. अन् मले अजून जाचं हाय." वर्षा थांबली. "मले वाटलं नव्हतं, पन मले लय आवडलं समीक्षा. आता दुकानात बसवत नाई."

"मंग जाऊ ना," समीक्षा घाईनं म्हणाली. "श्रीलंकेचं मी पाहून ठेवलं हाय सगळं. उन्हाळ्याच्या आधी—"

"तू नोको येऊ."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत वर्षा थांबली.

"घरी सांगीन तू संग हाय म्हनून. याडीचा फोन आला तं तू सांभाळून घेजो. मी आज तुह्यासाठी जेवढं बोलली, तेवढंच. जास्त नाई."

"अन् जाशीन कोनासंग?"

"अर्पिता म्हनून हाय एक. नांदेडची. दुकानात येते."

"कदीपासून?"

"काय कदीपासून?"

"ओयख. कदीची ओयख हाय?"

वर्षानं तिच्याकडं नवल वाटल्यासारखं बघितलं. "दिवाळीच्या आधीची. मोबाइलची काच बदलाले आलती. का वं?"

"काई नाई."

दिवाळीच्या आधी. म्हणजे नेपाळला जायच्या आधीपासून. ट्रकमध्ये, लॉजवर, त्या लांब चढांवर वर्षानं इतक्या लोकांबद्दल सांगितलं होतं, अर्पिताबद्दल एकदाही नाही. समीक्षानं तिची कल्पना करायचा प्रयत्न केला. पाठीवर पिशवी, हातात फोन. ती वर्षाच्या शेजारी उभी होती. ट्रक थांबला. दोघी पुढं बसल्या.

लालीबाई आली तेव्हा फाट्यावर एस्टी दिसू लागली होती. तिनं शेंगांचं फडकं समीक्षाच्या हातात दिलं.

"घरी उकडजो, मीठ टाकून. बाबाले सांगजो मी देल्ल्या म्हनून." मग तिनं समीक्षाचं मनगट धरलं. "हे पाह्य, पोरी. मले लय घोर होता. पन आज ऐकलं ना, आता नाई. परत जाचं असन तं जाजा. तू संग असली तं माही वर्षा कुठंबी जाऊ दे, मी इचारनार नाई. जानार ना तू?"

वर्षा समीक्षाकडं बघत होती. चेहऱ्यावर विनंती नव्हती, धमकीही नव्हती. ती फक्त हो ऐकायची वाट बघत होती, हिशेब फिटायची वाट बघावी तशी.

"नाई काकू," समीक्षा म्हणाली. "मले आता सुट्टी नाई भेटनार. ऑफिसात लय काम हाय. मी आता कुठंच जानार नाई."

"कुठंच नाई?"

"नाई. एक डाव झालं, बस झालं."

लालीबाईनं मान हलवली. वाईट वाटल्याचं तिनं दाखवलं, पण तिचे खांदे खाली आले, ओझं उतरवल्यासारखे. "मंग हेबी नाई जानार," ती म्हणाली. "दोघी तं दोघी. नाई तं कोनीच नाई. घरीच बरं."

नानाजीही आता तिला कुठं पाठवणार नाहीत, हे बोलतानाच समीक्षाला ठाऊक होतं. श्रीलंका गेली, व्हिएतनाम गेलं. तिनं वर्षाकडं बघितलं. वर्षा तिच्याकडं तसंच बघत होती, जसं ट्रॅक्टरवरून उतरून बघितलं होतं.

एस्टी थांबली. समीक्षा चढली. गाडी जवळजवळ रिकामी होती. ती फाट्याच्या बाजूच्या खिडकीपाशी बसली आणि शेंगांचं फडकं मांडीवर ठेवलं. तिला वर्षाचा चेहरा बघायचा होता. निदान एकदा तरी तो पडलेला बघायचा होता.

वर्षा आईकडं वळली आणि गोरबोलीत काहीतरी म्हणाली. दोन-तीनच शब्द असतील. लालीबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि हसली. मग वर्षाही हसली, लहानपणापासून हसते तशी, मान मागं टाकून. समीक्षानं खिडकीची काच ओढून उघडली. "काय म्हनली थे?" तिनं विचारलं. पण गाडी सुटली होती, आणि त्या दोघी पाठ करून तांड्याकडं चालू लागल्या होत्या.